फेलोशिप, रेपर्टरी की प्रकल्प अनुदान: कलावंताने आणि मंडळाने अर्ज कुठे करावा?

एकट्या कलावंताला पैसे कोण देते आणि मंडळाला कोण देते, हे आधी वेगळे करून घेतले की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. शाहीर असोत, दशावतारी असोत, झाडीपट्टीतले नट असोत की तालुक्याच्या गावातली हौशी नाट्यसंस्था, सगळ्यांना माझे सांगणे एकच असते: रकमेचा आकडा नंतर बघा. पैसे कुणाच्या खात्यात येणार, खर्चाच्या आधी येणार की नंतर आणि बदल्यात काय द्यायचे आहे, हे आधी बघा.

एकट्याने अर्ज करायचा असेल तर

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या वैयक्तिक योजना वयानुसार विभागलेल्या आहेत. १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे: दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. तीत लोककला आणि पारंपरिक कलाही येतात. अट अशी की गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे. घरातल्या घरात शिकलेल्या पोरांचे इथेच अडते, कारण विद्या असते पण कागद नसतो. अशा वेळी गुरूकडून पत्र घ्या आणि त्यात नेमके लिहून घ्या: कोणत्या वर्षापासून शिकवले, कोणते पोवाडे बसवून घेतले, साथीला कुठे कुठे नेले. ‘हा होतकरू कलावंत आहे’ एवढ्या एका ओळीच्या पत्राला वजन नसते.

२५ ते ४० वयासाठी कनिष्ठ फेलोशिप आहे, दरमहा १०,००० रुपये. चाळिशीनंतर वरिष्ठ फेलोशिप, दरमहा २०,००० रुपये. दोन्ही दोन वर्षांच्या. पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांच्या चार हप्त्यांत येतात आणि पुढचा हप्ता प्रगती अहवालावर अवलंबून असतो. म्हणजे कनिष्ठ फेलोला एका वेळी ६०,००० मिळतात आणि अहवाल रखडला की पुढचे ६०,००० ही रखडतात. घरखर्च यावर बेतू नका.

ही फेलोशिप संशोधनाकडे झुकलेल्या कामासाठी आहे, हे अनेक जण विसरतात. नवे नाटक बसवायचे असेल तर हा दरवाजा तुमचा नव्हे. ‘दशावतार कलेचे जतन व संवर्धन’ असे शीर्षक देऊन चार पाने भरलेला प्रस्ताव शेकडो प्रस्तावांत हरवून जातो. त्याऐवजी असे लिहा: आडदशावतारातला (खेळाच्या सुरुवातीच्या भागातला) संकासुराचा प्रवेश आज कोणत्या मंडळांत टिकला आहे, त्याची बोली आणि वेश कसा बदलला, हे सिंधुदुर्गातल्या जुन्या नटांकडून ध्वनिमुद्रित करून घेणार, पहिल्या सहा महिन्यांत अमुक गावे, पुढच्या सहा महिन्यांत लिप्यंतर. वाचणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसले पाहिजे.

याच्या शेजारी बंगळुरूची ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ ठेवून बघा. १९९३ साली स्थापन झालेली ही स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्याकडे भारतीय भाषांत प्रस्ताव पाठवता येतो. मराठी कलावंताला ही फार मोठी सोय आहे, असे मी मनापासून म्हणतो. कितीतरी जाणती माणसे केवळ इंग्रजीच्या धास्तीने अर्जाच्या वाटेला जात नाहीत. दुसरा फरक पैशाच्या स्वरूपाचा. सरकारी फेलोशिपमध्ये तुम्हाला ठरलेले मानधन मिळते. इथे प्रकल्पाचे अंदाजपत्रक मांडायचे असते: प्रवास, ध्वनिमुद्रण, सोबत काम करणाऱ्यांचे मानधन. तुमच्या कामात फिरती आणि तांत्रिक खर्च जास्त असेल, विषय भाषेत किंवा मौखिक परंपरेत रुतलेला असेल, तर मी आधी इथे अर्ज करायला सांगेन. दोन वर्षे वाचन, भेटीगाठी, लेखन यांसाठी थोडी उसंत हवी असेल तर केंद्राची फेलोशिप.

टागोर राष्ट्रीय फेलोशिपचे आकडे मोठे आहेत. फेलोला दरमहा ८०,००० आणि स्कॉलरला ५०,०००. पण ती एखाद्या सांस्कृतिक संस्थेशी जोडून घेऊन करायच्या अभ्यासासाठी आहे. अभ्यासक म्हणून प्रकाशित काम पाठीशी नसेल तर तिथे वेळ घालवू नका.

मंडळ असेल तर

इथे खरी निवड दोन योजनांत करायची असते आणि दोन्ही केंद्राच्याच आहेत. गुरु-शिष्य परंपरेसाठीचे अनुदान, ज्याला सगळे ‘रेपर्टरी’ म्हणतात, ते माणसांसाठी आहे: गुरूला दरमहा १५,००० आणि शिष्यांना वयानुसार २,००० ते १०,०००. सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान हे कामासाठी आहे: एखादे नाटक, महोत्सव, कार्यशाळा, परिसंवाद. त्याची मर्यादा साधारणपणे ५ लाख, अपवादात्मक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत.

निर्मिती अनुदानाचा हिशेब कागदावर मांडून बघितल्याशिवाय हात घालू नका. अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते आणि तेही दोन हप्त्यांत, आधी ७५ टक्के आणि उरलेले काम झाल्यावर. समजा, नाटकाचा खर्च ४ लाख आहे. अनुदान फार तर ३ लाख. त्यातले २ लाख २५ हजार आधी येतील आणि ७५ हजार प्रयोग झाल्यावर, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब दिल्यावर. म्हणजे पडदा उघडेपर्यंत १ लाख ७५ हजार मंडळाने स्वतः उभे करायचे आणि त्यातले १ लाख कधीच परत येणार नाहीत. गावात वर्गणी जमते, एखादा देणगीदार पाठीशी आहे, तिकीटविक्रीची खात्री आहे, अशा मंडळाने अर्ज जरूर करावा. नेपथ्यवाल्याची उधारी आधीच डोक्यावर असेल तर याने ती वाढेल.

रेपर्टरीत स्वतःचे पैसे असे अडकत नाहीत, पण मंडळ वर्षभर चालते आहे हे दाखवावे लागते. तालमीची वही, हजेरी, शिष्यांची बँक खाती, प्रयोगांची छायाचित्रे आणि कात्रणे. गणपतीत आणि जत्रेत दोन महिने जमणाऱ्या मंडळाला हे पेलत नाही आणि ओढूनताणून दाखवायलाही जाऊ नये. उलट ज्यांच्याकडे दररोज संध्याकाळी तालीम चालते, पाच-सहा पोरे नियमाने येतात, त्यांच्यासाठी याहून योग्य योजना मला दिसत नाही. सहा प्रौढ शिष्य आणि गुरू धरले तर पूर्ण दराने महिन्याला ७५,००० होतात. किती शिष्य मंजूर करायचे हे तज्ज्ञ समिती ठरवते, मंडळ नव्हे. मंजुरी आणि पैसे हातात पडणे यांत अंतर राहू शकते. शिष्यांना हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा, नाहीतर गुरू आणि शिष्य यांच्यातच मन कलुषित होते.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाची वाट फडांच्या जास्त ओळखीची आहे. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा प्रयोगात्मक कलांच्या संस्थांना तिथून अनुदान मिळते आणि व्याकरण सोपे आहे: किती प्रयोग केले ते दाखवा. संशोधनाची भाषा इथे लागत नाही. वर्षानुवर्षे खेळ करणाऱ्या फडाने दिल्लीकडे बघण्याआधी इथला अर्ज भरावा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल, थोडक्यात. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात पारंपरिक कलांचा समावेश आहे, त्यामुळे दार उघडे आहे. मात्र त्यासाठी मंडळाकडे आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, सीएसआर निधी घेण्यासाठी सरकारकडे नोंदणी केल्यावर मिळणारा सीएसआर-१ क्रमांक आणि तीन वर्षांच्या कामाचा दाखला हवा. फक्त धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पुरत नाही. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचा) क्रमांकही काढून ठेवा. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर मुदत हमखास हुकते.

मंडळातल्या वडीलधाऱ्यांना या प्रस्तावांच्या रगाड्यात ओढू नका. त्यांच्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. वय ५० पूर्ण, दिव्यांगांसाठी ४०, आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. २०२४ पासून तिचे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले आहे. पूर्वीच्या अ, ब, क वर्गवारीत अडकून बसलेल्या, नाकारल्याने कंटाळलेल्या कलावंतांनी पुन्हा चौकशी करावी. जुन्या जत्रांची हस्तपत्रके, वर्तमानपत्रातली कात्रणे, आकाशवाणीची करारपत्रे घराच्या माळ्यावर असतातच. मंडळातल्या एखाद्या तरुणाने ती खाली काढून, तारखेनुसार लावून, अर्ज भरून द्यावा.