व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टरची जोडी: कोकणातल्या घरात कोण पुढे, कोण मागे?

गुहागर, रत्नागिरी, मालवण अशा ठिकाणी घर आहे, स्टिरिओ नव्याने जमवायचाय आणि अँप व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा) की सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) हे ठरत नाही, तर दोघांना एकत्र नांदवता येतं. फक्त व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये (गाण्याचा सिग्नल आणि आवाजाची पातळी सांभाळणाऱ्या पहिल्या भागात) घ्यायचे की पॉवर अँपमध्ये (स्पीकर हलवणाऱ्या दुसऱ्या भागात), ते आधी ठरवा.

माझा कौल किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांसाठी व्हॉल्व्ह प्री आणि सॉलिड स्टेट पॉवरला. १२एएक्स७ किंवा १२एयू७ सारखे छोटे व्हॉल्व्ह फार तापत नाहीत आणि नीट वापरले तर वर्षानुवर्षं चालतात. याउलट पॉवर अँपमधल्या चार ईएल३४ व्हॉल्व्हचे नुसते फिलामेंट पेटते ठेवायला जवळपास ३८ वॉट जातात, गाणं सुरू असो वा नसो. अँपला लागणारी बाकीची वीज वेगळीच. मे महिन्यात ती शेगडी खोलीत कोणाला हवी? शिवाय जुलैत कौलांवर पाऊस कोसळायला लागला की आवाज वाढवावाच लागतो, तिथे ३००बी व्हॉल्व्हच्या सिंगल-एंडेड (एका बाजूला एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या) अँपचे सात-आठ वॉट कुठल्या कुठे विरून जातात.

तरी खरं ते सांगायला हवं. ज्याला लोक व्हॉल्व्हचा गोडवा म्हणतात, तो बराचसा पॉवर अँपमधून येतो: व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरशी होणारी त्याची देवाणघेवाण. चांगला व्हॉल्व्ह प्री इतका स्वच्छ वाजतो की काहींना फरकच कळत नाही. तो रंगच हवा असेल तर जोडी उलटी करा (सॉलिड स्टेट प्री, व्हॉल्व्ह पॉवर), पण स्पीकर ९५ डेसिबलच्या आसपास सेन्सिटिव्हिटीचे (म्हणजे थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज देणारे) घ्या. ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तेवढाच आवाज काढायला आठपट वॉट लागतात. गायकी, पेटी, सतार यांना ही जोडी छान. डग्ग्याची किंवा दशावतारातल्या पखवाजाची थाप मात्र सॉलिड स्टेटइतकी आवळलेली येत नाही.

व्हॉल्व्ह प्री घेताना दुकानदाराला दोन आकडे विचारा: प्रीचा आउटपुट इम्पिडन्स आणि पॉवर अँपचा इनपुट इम्पिडन्स (इम्पिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात). दुसरा पहिल्याच्या किमान दहापट हवा. प्रीच्या शेवटी बहुधा कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅरडचा आणि पुढच्या अँपचा इनपुट इम्पिडन्स १० किलोओहम असेल, तर ३४ हर्ट्झलाच बास ३ डेसिबलने उतरतो. तोच ४७ किलोओहम असेल तर ही उतरण ७ हर्ट्झपर्यंत खाली सरकते. महागडं सामान घेऊनही 'बास नाही' अशी तक्रार असेल, तर आधी हे तपासा.

आता लाइट. ती परत येते तेव्हा सगळं एकदम सुरू होतं. सॉलिड स्टेट अँप काही क्षणांत तयार होतो, प्रीचे व्हॉल्व्ह अजून तापतच असतात, आणि त्या वेळी प्रीमधून निघणारा 'धप्प' थेट वूफरवर (बासच्या मोठ्या स्पीकरवर) जातो. म्हणून लाइट गेली की पॉवर अँपचं बटण बंद करायचं. आल्यावर आधी प्री, मिनिटाभराने अँप. म्यूटिंग रिले (तापेपर्यंत आवाज बंद ठेवणारा स्विच) असलेला प्री मिळाला तर उत्तमच. उलट्या जोडीत हा क्रम आपोआप साधतो, पण व्हॉल्व्ह पॉवर अँप स्पीकर न जोडता कधीही चालवू नका, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर व्हॉल्व्हच्या आत ती शिरत नाही, सॉकेट आणि पिना मात्र खाते. आवाजात करकर आली आणि व्हॉल्व्ह झाकणाबाहेर असतील, तर अँप बंद करून, गार झाल्यावर ते काढून पुन्हा बसवा. झाकण उघडू नका, कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहिलेले असतात. (उबेला येणाऱ्या पालीही दोन्ही जातींच्या अँपना सारख्याच घातक, मागच्या फटींना बारीक जाळी लावा, हवा मात्र खेळती राहू द्या.) घर फक्त गणपती आणि शिमग्याला उघडत असेल तर व्हॉल्व्हच्या फंदात पडूच नका.

तिसरा प्रकार बाय-अँपिंगचा: एकाच स्पीकरला दोन अँप, वरच्या सुरांना व्हॉल्व्ह, वूफरला सॉलिड स्टेट. दोन्ही अँपचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) जुळवत बसावं लागतं, आणि ग्राउंड लूपची (दोन अँपच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची) घूं-घूं सुरू झाली की ती शोधण्यात सुट्टी संपते. हौस असेल तर करा. पहिलाच संच असेल तर नको.