इन्स्टाग्रामवरची थ्रिफ्ट दुकानं: शर्ट तिथून घ्या, बाकीचं कपाटात आहे

इन्स्टाग्रामवर वापरलेले कपडे विकणाऱ्या पानांवर, म्हणजेच थ्रिफ्ट दुकानांत, टॉप, जीन्स, स्वेटशर्ट, पर्सा, ब्लेझर असं सगळंच असतं. त्यातली खात्रीने पैसे वसूल करणारी वस्तू एकच आहे: पुरुषी मापाचा, सैल, मोठ्या छपाईचा सुती किंवा रेयॉनचा शर्ट. साधारण 300 ते 600 रुपयांत तो मिळतो, वर कुरियरचे 70 ते 100 रुपये. शर्ट सैलच घालायचा असल्याने मापात इंचभर चूक झाली तरी निभावून जातं. छपाईही अशी असते, जी आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही: तळहाताएवढी फुलं, केळीची पानं, नव्वदच्या दशकातले तिरपे चौकोन आणि फराटे. त्याच्याखाली, आत आणि वर जे लागतं ते बहुतेकींच्या कपाटात आधीच पडून असतं. म्हणून हा आढावा मुख्यतः शर्टाचाच आहे.

हा माल येतो कुठून हे आधी कळलं तर पुढचं बरंच सोपं होतं. परदेशात टाकून दिलेले कपडे दाबून बांधलेल्या गाठींतून भारतात येतात. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, पण गुजरातेत कांडला इथल्या विशेष आर्थिक क्षेत्रात त्यांची छाननी करणारे कारखाने आहेत, आणि फाटक्या लोकरी मालाचं पानिपतमध्ये सूत होऊन त्याच्या चादरी-ब्लँकेटं बनतात. धडके कपडे निवडून पुढे विकले जातात. त्यामुळे खऱ्या थ्रिफ्टमध्ये प्रत्येक कपडा एकुलता एक असतो. एकच डिझाइन एस, एम, एल, एक्सएल अशा चार मापांत हजर असेल तर तो घाऊक बाजारातला नवा माल आहे, बहुधा पॉलिएस्टर. लेबल अर्धं कापलेलं असेल तर ते बहुधा एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे निर्यातीसाठी शिवून उरलेला माल. तो माल वाईट नसतो, पण मुंबईत आझाद मैदानासमोरच्या फॅशन स्ट्रीटवर किंवा पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर तो हात लावून, उलटून बघून, घासाघीस करून घेता येतो. फोटो बघून त्याच्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माप हा या खरेदीतला सगळ्यात कच्चा दुवा. लेबलवरचं माप बाजूला ठेवा. ब्रिटनचं 10, अमेरिकेचं 6 आणि युरोपचं 38 हे बायकांच्या कपड्यांत साधारण एकच माप आहे. कोरियन कपड्यांवर 55 म्हणजे लहान, 66 मध्यम, 77 मोठं, तर 95 किंवा 100 असं लिहिलं असेल तर तो छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये असतो. एवढं सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा घरातला आपल्याला आवडतो तसा बसणारा एक सैल शर्ट पलंगावर सपाट पसरा आणि चार मापं लिहून ठेवा: एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, बाहीची लांबी, आणि मागे कॉलरच्या बुडापासून खालपर्यंतची उंची. विक्रेतीकडून हीच चार सपाट मापं मागा. बगल ते बगल 22 इंच म्हणजे घेर 44. छाती 36 असेल तर 8 इंच सैलपणा मिळतो आणि शर्ट छान मोकळा बसतो. सैलपणा 10 इंचांच्या वर गेला की शर्ट पिशवीसारखा दिसतो. खांद्याची शिवण इंच-दीड इंच खाली उतरली तर चालते. दोन इंचांपुढे गेली तर सोडून द्या. बाजूची शिवण आत घेणं सोपं असतं, पण खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापावा लागतो, आणि त्या शिलाईत शर्टाची निम्मी किंमत जाते.

फोटोंवर विसंबू नका. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत राणी रंग लाल दिसतो आणि चिंतामणी हिरवट. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढलेला छोटा व्हिडिओ मागा आणि त्यात कॉलरची आतली बाजू, दोन्ही बगला, बटणपट्टी आणि बाह्यांच्या कडा दाखवायला सांगा. डाग, पिवळेपणा आणि विरलेलं कापड याच चार ठिकाणी सापडतं. रंग विचारताना आपले जुने साड्यांचे शब्द फार कामाला येतात. ‘पिंक’ म्हटलं की दहा छटा डोळ्यांपुढे येतात, पण अबोली, गुलबक्षी आणि राणी यांत कुणाची गल्लत होत नाही. मराठी विक्रेतीला ‘आमसुली की डाळिंबी?’ एवढं विचारलं की काम होतं.

बहुतेक पानांवर माल परत घेत नाहीत आणि जी आधी ‘बुक’ म्हणेल तिचा कपडा. या घाईतच चुका होतात. मापं लिहिलेली चिठ्ठी फोनमध्ये तयार ठेवली की निर्णय मिनिटभरात होतो. डाग लपवून विकल्याची तक्रार करायची तर पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ लागतो, म्हणून पाकीट फोडण्याआधीच कॅमेरा सुरू करा.

शर्ट घरी आला की पहिला प्रश्न कापडाचा. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून, जिथे माया (जादा कापड) सोडलेली असते तिथून, दोन धागे काढा, चिमट्यात धरून वाटीवर पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि भुसभुशीत राख आली तर सुती किंवा रेयॉन. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. सुती आणि रेयॉन एकमेकांपासून ओळखायचे तर धागा ओला करून ओढा: रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं आणि पटकन तुटतं. याच कारणाने रेयॉनचा शर्ट पिळू नये, दांडीवर जड ओला टांगू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सावलीत वाळवावा. वापरलेल्या रेयॉनचा एक फायदा मात्र खरा आहे. त्याला जेवढं आटायचं असतं तेवढं ते बहुधा आधीच आटलेलं असतं, त्यामुळे पहिल्या धुण्यात दोन इंच तोकडं होण्याची नव्या कपड्यातली भीती इथे कमी. मुंबई-कोकणाच्या दमटपणात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पॉलिएस्टर अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरून ठेवतं. छपाई कितीही सुंदर असली तरी तो शर्ट कपाटातच राहील.

पहिली धुलाई वेगळी करा. सुती कपडा 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतला की ढेकूण आणि त्यांची अंडीही मरतात. त्याआधी रंग जातो का ते बघा: आतल्या बाजूला कापड ओलं करून वर पांढरा रुमाल ठेवा आणि इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला तर गार पाणी आणि स्वतंत्र बादली. मीठ घातलं की रंग पक्का होतो ही समजूत सोडून द्या. रंगवताना मीठ रंगाला धाग्यात शिरायला मदत करतं, पण सुटणारा रंग नंतर मिठाने धरून राहत नाही. गोदामाचा कुबट वास एका धुण्यात जात नाही; चार भाग पाण्यात एक भाग पांढरा व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता जुळवणी. रंगीत कपडे घालायची भीती वाटते ती बहुधा एकाच अनुभवामुळे: तीन भडक रंग सारख्याच प्रमाणात अंगावर येतात आणि नजर कुठे ठरत नाही. यावरचा उपाय आपल्या काठापदराच्या साडीत तयार आहे. मोरपंखी अंगाला राणी काठ डोळ्यांना खुपत नाही, कारण अंग मोठं आहे, काठ अरुंद आहे, आणि तो कडेला आहे. शर्ट हे अंग समजा. त्याच्या छपाईतला जो रंग सगळ्यात कमी जागा व्यापतो तो काठासाठी निवडा आणि तो कडांवरच आणा: आतल्या टीशर्टचा गळा, दुमडलेली बाही, चप्पल, पिशवी. बाकी सगळं कोऱ्या कापडाच्या रंगाचं, म्हणजे मळकट पांढरं किंवा बिस्किटी.

समजा शर्टाची जमीन मोरपंखी आहे, त्यावर मोठी पांढरी फुलं आहेत आणि फुलांच्या मध्यभागी हळदी ठिपके. खाली कुर्त्याच्या सेटातली, कुर्ता विरल्यावर उरलेली मळकट पांढरी सरळ पँट. आत हळदी बनियन-टॉप, शर्टाची वरची दोन बटणं उघडी, म्हणजे गळ्याशी तीन-चार बोटं हळदी दिसेल. पायात साधी कोल्हापुरी. एवढं पुरे. इथे हळदी ओढणीही घ्यावीशी वाटते, पण मग काठच अंगावर पसरतो आणि प्रमाण बिघडतं.

दोन छपाया एकत्र घालायच्या तर आकारात मोठा फरक ठेवा. एक तळहाताएवढी, दुसरी मुगाच्या दाण्याएवढी. जुन्या बांधणीची ओढणी इथे अप्रतिम बसते, कारण तिचे ठिपके बारीक असतात आणि लांबून जवळजवळ एकरंगी दिसतात. ओढणीचा मूळ रंग शर्टाच्या छपाईत कुठेतरी असायला हवा. नाहीतर दोन्ही कपडे सुंदर असूनही शेजारी शेजारी उभी राहिलेली अनोळखी माणसं वाटतात.

खणाचं ब्लाउज हा कपाटातला दुर्लक्षित खजिना. लग्नकार्यात एकदा घातलेलं खणाचं पोलकं क्रॉप टॉपसारखं आत घाला, वर बटणं न लावता सैल शर्ट, खाली कमरेवर बसणारी जीन्स. खणाची बारीक विणलेली नक्षी लहान छपाईचं काम करते आणि बाहीचा काठ शर्टाच्या दुमडलेल्या बाहीतून डोकावतो. शर्टाची बाही दोनदा दुमडा, तीनदा नाही. तिसऱ्या घडीला कोपरावर जाड वळी होते. पोलकं मागून हुकांचं असेल तर अधिक बरं, पुढे हुकांची ओळ दिसत नाही.

काळी लेगिंग ही रंगीत शर्टाखाली सगळ्यात जास्त घातली जाणारी आणि सगळ्यात कमी शोभणारी गोष्ट आहे. वर गजबज, खाली एकदम काळोख, आणि शरीराचे दोन तुकडे पडल्यासारखे दिसतात. काळा हवाच असेल तर तो काळ्या चंद्रकळा साडीसारखा वापरा, म्हणजे काळं मोठं आणि रंग थोडा: काळा सुती कुर्ता किंवा काळा टीशर्ट-पँट, आणि वर छापील शर्ट जॅकेटसारखा उघडा.

शर्ट सोडून बाकीचं थोडक्यात. जीन्स फोटोवरून घेऊ नका; कंबर, बैठक आणि मांडी ही तिन्ही मापं एकत्र जुळणं दुर्मीळ, आणि ताणून ताणून मेलेलं लायक्रा फोटोत कळत नाही. गुडघ्यावर कापड लाटेसारखं दिसलं तर ते संपलेलं आहे. कोरियन स्वेटशर्ट पुण्या-नाशकाच्या डिसेंबर-जानेवारीत उपयोगी, मुंबईत नाही. कॉर्डरॉयचं जॅकेट सापडलं तर घ्या, त्याची वीण वर्षानुवर्षं टिकते. रेक्झिनच्या पर्सा टाळा. वरचा थर आपल्या हवेत सुटायला लागला की पापुद्रे थांबत नाहीत.

शिंप्याकडे नेताना एक-दोनच कामं सांगा. बाजूची टीप आत घेऊन माया कापू नका म्हणावं, पुढे सैल करायची वेळ येते. लांबी कमी करायची तर शर्टाचा गोल घेर तसाच ठेवून कमी करा, सरळ कापला तर तो कारखान्याच्या गणवेशासारखा दिसतो. तुटलेल्या बटणाच्या जागी एकच नवं बटण लावलं तर ते डोळ्यांत येतं. सगळी बदला, आणि तीही काठाच्या रंगाची.

कपाटात विरलेली इरकल साडी असेल तर तिच्या धडक्या भागाचे साडेतीन मीटर काढून चुण्यांचा घागरा शिवता येतो. साडीचा पन्हा उंचीला पुरतो आणि काठ आपोआप खाली येतो. वर शर्टाला पुढे गाठ मारा. मात्र इरकलीचा लाल पदर पाण्यात रंग सोडू शकतो, म्हणून घागऱ्यात तो घ्यायचाच असेल तर शिवण्याआधी तो भाग वेगळा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत, आणि तोवर पांढऱ्या जमिनीचा शर्ट त्याच्याजवळ नेऊ नका.