वडिलांचे कागदी शेअर सोडवून देणाऱ्या सल्लागार, ठाणे: चार तारे

बाबांच्या ट्रंकेत १९९४ चं शेअर सर्टिफिकेट निघालं. कडा कसरीने खाल्लेल्या, फोलिओ नंबर (कंपनीच्या वहीतला भागधारकाचा क्रमांक) तेवढा शाबूत. सलग सात वर्षं लाभांश कुणी उचलला नाही की शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ निधीत जातात, आमचेही गेलेले.

या बाईंनी आधी कंपनीकडून वारस म्हणून आमच्या हक्काचं पत्र मिळवलं, मगच निधीतून शेअर परत मागायचा आयईपीएफ-५ फॉर्म भरला. सर्टिफिकेटवर ‘दत्तात्रेय’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’. एका मात्रेपायी प्रतिज्ञापत्र! तेही त्यांनीच करून घेतलं. फी ठरलेली, शेअरच्या किमतीवर टक्केवारी नाही. बाकीचे सर्रास टक्केवारी मागतात. फोन मात्र उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप करा, रात्री अकराला का होईना, उत्तर येतं. शेअर आता आईच्या डीमॅट खात्यात आहेत.