घरच्या बिअरसाठी मिनी केग की काचेच्या बाटल्या: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मिनी केग, म्हणजे बिअरचं छोटं धातूचं पिंप, घ्यावा की बाटल्याच बऱ्या, हे मला ओळखीतले बरेच जण विचारतात, आणि हिवाळा उन्हाळा दोन्ही काढून झाल्यावर माझं उत्तर पक्कं आहे. संध्याकाळी ग्लासभर प्यायची साधी चार टक्क्यांची बिअर करत असाल तर डोळे झाकून केग घ्या, आणि वर्षभर मुरवायची जड काळी बिअर करत असाल तर बाटल्या अजिबात टाकून देऊ नका. आता हे असं का ते सविस्तर सांगतो.

मी उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला लायसनही लागत नाही आणि ड्यूटीही नाही, फक्त विकायची नाही. (महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी हे वाचा, करू नका.) इथली नेहमीची बॅच २३ लिटरची असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार डझनाच्या आसपास बाटल्या. त्या आधी जमवायच्या, सुपरमार्केटच्या बाटल्यांची लेबलं धुण्याच्या सोड्यात भिजवून खरवडायची, प्रत्येकीत वाकून बघायचं की तळाला जुना गाळ नाही ना, मग सॅनिटायझर, मग साखर (ती खाऊन यीस्ट, म्हणजे आंबवणारं किण्व, बंद बाटलीत गॅस तयार करतो), मग भरणं, मग एकेक झाकण ठोकणं. बिअर बनवण्यात जेवढी मजा तेवढाच हा भाग जिवावर येतो, आणि मी असे लोक बघितलेत ज्यांनी केवळ या एका कामापायी हा छंद सोडला, उत्तम बिअर करत होते हो, फार वाईट वाटतं.

मी दोन प्रकारचे केग वापरतोय. एक म्हणजे ५ लिटरचा पत्र्याचा डबा, जर्मनीत पार्टीसाठी मिळतो तसाच, उंची २५ सेंटीमीटरच्या आसपास, वर रबरी बूच आणि खाली ओढून बाहेर काढायचा प्लॅस्टिकचा नळ. दुसरा म्हणजे ४ लिटरचा स्टेनलेस स्टीलचा, त्याला फिरकीचं झाकण आणि झाकणावर गॅसची एक आणि बिअरची एक अशा दोन बॉल लॉक (दाबून बसवायच्या) तोट्या, गॅसला छोटा रेग्युलेटर आणि १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं कार्ट्रिज. पत्र्याचा रिकामा डबा पबमधल्या दोन-तीन पाइंटच्या पैशात येतो, स्टीलचा सगळा सेट त्याच्या कितीतरी पट. दोन्हींचं काम वेगळं आहे आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

आधी पत्र्याचा डबा. यॉर्कशायरच्या बिटरसाठी, म्हणजे इथल्या पारंपरिक कडवट बिअरसाठी, याच्यासारखी गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बिटरला गॅस कमी लागतो, पबच्या तळघरात पिंपातून येते ती बिअर ११ ते १३ डिग्रीला असते आणि तिच्यात बुडबुडे नावालाच असतात. डब्यात नेमकं तेच होतं. बाटलीत मी लिटरला ६ ग्रॅम साखर घालायचो, डब्यात निम्मी, ३ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. हिशोब सोपा आहे, लिटरला साधारण ४ ग्रॅम साखर म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा गॅस, आणि आंबवून झालेल्या बिअरमध्ये २० डिग्रीला पाऊण पटीपेक्षा थोडा जास्त गॅस आधीच विरघळलेला असतो. म्हणजे ३ ग्रॅमला आपण दीड पटीच्या थोडं वर जातो, बिटरला तेवढं बास. बाटलीचं प्रमाण डब्यात वापरलं की डब्याची वरची खालची बाजू फुगायला लागते, आणि एकदा फुगलेला डबा परत सरळ होत नाही, बूचही नीट बसत नाही. गव्हाची बिअर, जिला तीन पट गॅस लागतो, ती पत्र्याच्या डब्यात भरायचीच नाही.

आणि एक गोष्ट जी केगच्या पाकिटावर कुणी छापत नाही. फर्मेंटेशन खरोखर संपलंय याची खात्री हायड्रोमीटरने, म्हणजे बिअरची घनता मोजायच्या साधनानेच करायची, दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला पाहिजे. ग्रॅव्हिटीचा (घनतेचा) एक पॉइंट, म्हणजे १.०११ वरून १.०१० एवढासा फरक, तोसुद्धा जवळजवळ अर्धा पट गॅस देतो. तीन पॉइंट शिल्लक असताना भरलं तर साखर न घालताच बाटलीएवढा गॅस तयार, वर आपली साखर वेगळीच. काचेची बाटली अशा वेळी फुटते आणि काच उडते, ही भीती केगमुळे गेली हे मला फार मोठं वाटतं, घरात लहान मुलं असणाऱ्याला विचारा. पण काच नाही म्हणून निष्काळजी राहायचं नाही, दाब तो दाबच.

भरताना वर दोन-अडीच सेंटीमीटर जागा सोडायची, काठोकाठ भरू नये. नळी तळापर्यंत सोडायची म्हणजे बिअर खळखळत नाही, हवा कमी मिसळते. बूच आधी गरम पाण्यात टाकून मऊ करायचं, मग अंगठ्यांनी दाबून बसवायचं. खोलीत दोन आठवडे, मग गॅरेजमध्ये थंडीला. २३ लिटरच्या बॅचमधून तळाचा गाळ वगळता चार डबे आणि वर तीन-चार बाटल्या निघतात, त्या बाटल्या मी मुद्दाम भरतो, एखादी मधेच उघडून चव बघायला आणि एखादी शेजाऱ्याला द्यायला. सगळं भरून धुऊन आवरायला पूर्वी अख्खी दुपार जायची, आता चहा गरम असेपर्यंत म्हणणार नाही पण एक क्रिकेटचा सेशन पुरे होतो.

प्यायच्या दिवशी डबा टेबलाच्या कडेला ठेवायचा, नळ ओढून काढायचा, आणि वरच्या बुचाचा मधला प्लॅस्टिकचा भाग हळू फिरवायचा, फुस्स असा बारीक आवाज येतो आणि लगेच थांबतो. जोरात आणि बराच वेळ आला तर गॅस जास्त झालाय, मग अर्धं फिरवून थांबायचं, फेस बसू द्यायचा. ग्लास तिरका धरून ओतली तर फेस कमी, थोडी उंचावरून सोडली तर वर दाट साय येते, आणि आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये लोकांना ती साय हवीच असते, इथल्या पबमध्ये नळाच्या तोंडाला बारीक भोकांची चकती लावतात ती त्यासाठीच, दक्षिणेकडच्यांना तेच नको असतं.

पत्र्याच्या डब्याचा मोठा तोटा एकच. बूच उघडलं की आत हवा जाते, आणि मग बिअर फार तर दोन-तीन दिवस चांगली राहते. पाहुणे असतील तर प्रश्नच नाही. शनिवारी मित्रमंडळी जमली, मटण सुकं आणि भाकरी, तर ५ लिटर कधी संपले कळत नाही, आणि लालसर माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) बिटर मसालेदार मटणाबरोबर जशी लागते तशी लागर (फिकट, गार प्यायची बिअर) लागत नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण घरात एकटाच पिणारा असेल आणि रोज एकच ग्लास, तर हा डबा त्याच्यासाठी नाही. दुसरा तोटा गंजाचा. आतून वार्निशसारखं अस्तर असतं, डबा कुठे आपटून पोचा पडला की तिथे अस्तर तडकतं आणि गंज धरतो. प्रत्येक वेळी भरायच्या आधी मोबाइलचा टॉर्च लावून आत बघायचं, तपकिरी ठिपका दिसला की डबा भंगारात, लोखंडाची चव बिअरला फार पटकन लागते. धुतला की उलटा ठेवून पूर्ण वाळवायचा, ओला तसाच ठेवला तर पुढच्या बॅचपर्यंत गेलाच समजा.

आता स्टीलचा. रोज एक ग्लास पिणाऱ्याचं उत्तर हे आहे. प्यायलेल्या बिअरच्या जागी हवा न जाता गॅसच जातो, त्यामुळे फ्रिजमध्ये कित्येक आठवडे बिअर तशीच राहते. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अर्धा ग्लास घेता येतो. बाटली उघडली की अर्धा लिटर संपवायचीच, आणि तळाचा यीस्ट हलू नये म्हणून एका दमात ओतायची, इथे जेवताना चार घोट हवेत तर चारच घोट. पिणं कमी झालं माझं, आणि जे पितो ते जास्त लक्ष देऊन पितो. एक बॅच कशी बदलत जाते, पहिल्या आठवड्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा कसा टोकदार असतो आणि पुढे कसा गोल होतो, हे एकाच केगमधून रोज थोडं थोडं घेताना जितकं कळलं तितकं बाटल्यांमध्ये कधीच कळलं नव्हतं.

गॅसचं गणित मात्र समजून घ्या, नाहीतर कार्ट्रिजवर पैसे उडतील. एक कार्ट्रिज दीड-दोन पौंडांच्या घरात पडतं. त्यातला १६ ग्रॅम गॅस म्हणजे साध्या हवेच्या दाबाला साधारण ८ लिटर. फ्रिजच्या तापमानाला १० पीएसआय (दाबाचं एकक) दाबावर ४ लिटर बिअर बाहेर ढकलायलाच त्यातला बराचसा लागतो. सपाट बिअरमध्ये कार्ट्रिजने गॅस भरायला गेलात तर जवळजवळ एक अख्खं कार्ट्रिज त्यातच जाईल आणि ओतायला दुसरं. म्हणून स्टीलच्या केगमध्येही मी साखरच घालतो, इथे लिटरला ६ ग्रॅम चालते कारण भांडं दाब सहन करतं, आणि कार्ट्रिज फक्त ओतण्यासाठी. पहिला ग्लासभर तर स्वतःच्या दाबावरच येतो, धार मंदावली की मगच कार्ट्रिज लावायचं, कारण एकदा सुई टोचली की ते संपेपर्यंत काढता येत नाही. कार्ट्रिज खाण्याच्या वस्तूंसाठीचं आहे का ते बघून घ्या, सायकलच्या चाकात हवा भरायची मिळतात त्यात तेलाचा अंश असू शकतो. आणि क्रीम फेटायची कार्ट्रिजं अजिबात नाही, त्यात वेगळाच गॅस असतो.

एक तक्रार आहे. मी ज्या दुकानातून पहिला सेट मागवला, त्याच्या रेग्युलेटरमधून गॅस झिरपत होता, रात्री लावलेलं कार्ट्रिज सकाळी रिकामं, आणि दुकानदाराने बदलून द्यायला इतकी टाळाटाळ केली की शेवटी मी दुसरीकडून रेग्युलेटर घेतला, आता तो व्यवस्थित चाललाय. तुम्ही घ्याल तेव्हा बिअर भरायच्या आधी रिकाम्या केगवर चाचणी करा. भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रे बाटलीत घेऊन झाकणाची कड, दोन्ही तोट्या आणि रेग्युलेटरचा सांधा सगळीकडे मारायचं, बुडबुडा वाढताना दिसला की तिथे गळती. बहुतेकदा ओ-रिंगला (सांध्यातल्या रबरी कड्याला) खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला की काम होतं. ओ-रिंगचा जादा संच आधीच घेऊन ठेवा, नेमक्या रविवारी तुटतात.

फेसाबद्दल खूप जण कुरकुर करतात की केगमधून नुसता फेसच येतो. बहुतेक वेळा कारण तापमान असतं. सव्वादोन-अडीच पट गॅस असलेली बिअर फ्रिजमध्ये ५ डिग्रीला १० पीएसआयच्या आसपास शांत बसते, तीच २० डिग्रीला २५ पीएसआयच्या आसपास दाब मागते. म्हणजे केग गार आणि टॅप बाहेर उकाड्यात असला तरी पहिली धार फेसाचीच येणार. टॅपसकट सगळं फ्रिजमध्ये ठेवायचं, दाब आधी कमी करायचा, पहिला छोटा घोट वेगळा ओतून टाकायचा, मग ग्लास. वेग कमी-जास्त करता येणारा टॅप थोडा महाग असतो पण घ्याच.

साफसफाई करताना स्टीलच्या केगचं तोंड लहान असल्यामुळे हात आत जात नाही. ऑक्सिजनवाली पावडर, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवायचं, सकाळी जोरात हलवून ओतायचं, दोनदा धुवायचं, मग न धुवावं लागणारं फॉस्फोरिक ॲसिडवालं सॅनिटायझर. क्लोरीनवालं ब्लीच स्टीलला लावू नका, बारीक खड्डे पडतात आणि मग त्यात घाण बसते. बिअर वर आणणारी आतली नळी तळाला टेकत असेल तर सेंटीमीटरभर कापून घ्या, म्हणजे यीस्टचा थर खाली राहतो आणि दुसऱ्या ग्लासपासून बिअर स्वच्छ येते.

उजेडाचा मुद्दाही केगच्या बाजूने. हिरव्या किंवा पारदर्शक काचेत हॉप्सवाली बिअर उन्हात थोडा वेळ जरी राहिली तरी तिला तो घाणेरडा उग्र वास येतो, तपकिरी काच बरंच अडवते, पण धातूतून उजेड जातच नाही. जास्त हॉप्स घातलेली आयपीए (इंडिया पेल एल) तर मी आता स्टीलशिवाय कशातच भरत नाही, तिला हवा लागली की रंग काळपटतो आणि वास पुठ्ठ्यासारखा होतो, त्यामुळे भरायच्या आधी केगमध्ये थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो, तेवढं कार्ट्रिज खर्च झालं तर होऊ दे.

आठ-नऊ टक्क्यांची स्टाउट, म्हणजे ती जड काळी बिअर, मात्र बाटलीतच. ती वर्षभर मुरते, वर्षातून काही वेळाच उघडायची असते, आणि त्यासाठी एक केग अडकवून ठेवणं परवडत नाही. कुणाला भेट द्यायची असली तरी बाटलीच बरी, केग दिला की तो परत मागायला संकोच वाटतो.

गाडीतून कुठे नेणार असाल तर आदल्या रात्रीच पोचवून गार जागी उभा ठेवा. प्रवासात तळाचा यीस्ट पूर्ण ढवळला जातो आणि तो खाली बसायला रात्रभर तरी लागतेच.