स्पॅनिश क्रियापदांचं ॲप: आठ महिन्यांचा अनुभव

ऑफिसात अर्जेंटिनाच्या टीमबरोबर काम असतं, म्हणून पैसे भरून हे ॲप घेतलं. रोज बसमध्ये १५-२० मिनिटं सराव करते.

क्रियापदाची रूपं मात्र पक्की झाली. ‘आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान’ (मी बोलते, तू बोलतेस, ती बोलते, आम्ही बोलतो, तुम्ही बोलता, त्या बोलतात) पाढ्यासारखं तोंडात बसलंय. सहाही रूपं वेगळी, त्यामुळे बोलणारा कोण हे क्रियापदच सांगतं. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ॲपला प्रत्येक वाक्यात सर्वनाम लागतं, गाळलं की उत्तर चूक. तीच सवय घेऊन मी कॉलवर ओळख करून दिली: ‘यो बीबो एन पुणे, यो त्राबाखो...’ (मी पुण्यात राहते, मी काम करते...; ‘यो’ म्हणजे ‘मी’). नंतर तिकडची सहकारी मायेने म्हणाली, इतक्यांदा ‘यो’ ऐकलं की वाटतं, तू कुणाशी तरी तुलना करतेयस.

आपण तरी काय करतो? फोनवर ‘निघालेय, पोचते दहा मिनिटांत’ म्हणतो, त्यात ‘मी’ नसतोच. पण हॉटेलात बिल आलं की ‘मी देते’, म्हणजे तू नको देऊस. ‘यो पागो’ अगदी तसंच. ‘आब्लाबा’सारखं रूप मात्र ‘मी बोलत होते’ आणि ‘तो बोलत होता’ दोन्हींना चालतं, तिथे घोळ होणार असेल तर सर्वनाम ठेवायचं. हे ॲपमध्ये कुठेच नाही.

‘उस्तेद’ म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, पण तक्त्यात ते ‘तो-ती’च्या रांगेत आहे. का, ते ॲप सांगत नाही. मूळ शब्द ‘बुएस्त्रा मेरसेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’. समोरच्याला पदवीने हाक मारली, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. समोर बसलेल्या साहेबांनाच आपण ‘साहेब चहा घेतील का?’ विचारतो ना, ते आठवलं आणि मला ‘उस्तेद’ कायमचं कळलं.

सगळ्यात मोठी उणीव ‘बोस’ची, म्हणजे अर्जेंटिनातल्या ‘तू’ची. तिथे मित्राला ‘तू तिएनेस’ (तुझ्याकडे आहे) म्हणत नाहीत, ‘बोस तेनेस’ म्हणतात. ॲपमध्ये ते नाहीच. उलट स्पेनमध्ये चालणाऱ्या ‘बोसोत्रोस’वर (मित्रमंडळींना म्हणायचं ‘तुम्ही’) धडेच्या धडे. लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना, मित्र असोत की परके, ‘उस्तेदेस’च (‘उस्तेद’चं अनेकवचन). शेवटी ‘बोस’ची कार्डं मी हाताने लिहून काढली.

आणखी एक. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्हींना स्पॅनिशमध्ये ‘नोसोत्रोस’च (सगळ्या बायकाच असतील तर ‘नोसोत्रास’). त्यामुळे फाइल ‘आपण पाठवू’ की ‘आम्ही पाठवू’ हे नुसत्या शब्दावरून कळत नाही. मी आता सरळ ‘पुण्याची टीम’ असं नाव घेते.

वर्गणी चालू ठेवलीय, पण फक्त भूतकाळाच्या रूपांसाठी. स्पेनला जाणाऱ्यांनी जरूर घ्या. अर्जेंटिनाशी काम असेल तर आधी ‘बोस’ आहे का ते बघा.