आंबोलीची पावसाळी मॅक्रो कार्यशाळा: काही महिन्यांनंतर काय उरलं

जुलैत आंबोलीला मॅक्रो फोटोग्राफीच्या, म्हणजे किडे-बेडकांसारख्या छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढण्याच्या, निवासी कार्यशाळेला गेलो होतो. परत आल्या आल्या लिहिलं असतं, तर निम्मा मजकूर मलबारी चापडा या विषारी सापावरच खर्ची पडला असता. आता दिवाळीही उलटून गेली, तेव्हा त्यातलं अंगवळणी काय पडलं ते जरा थंड डोक्याने सांगता येईल.

दिनक्रम साधारण असा: जेवून रात्री बाहेर पडायचं, हेडटॉर्चच्या उजेडात झुडपं आणि ओहोळांचे काठ धुंडाळायचे, मध्यरात्री ओलेचिंब परत. सकाळी एखादा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळपठार. दुपारी हॉलमध्ये प्रोजेक्टरवर सगळ्यांच्या फोटोंची चिरफाड. जाहिरातीत हे दुपारचं सत्र एका ओळीत उरकलेलं असतं, पण माझ्या मते निम्मे पैसे तिथेच वसूल होतात.

पहिल्या रात्रीचे जवळजवळ सगळ्यांचे फोटो सारखेच होते. बेडकाच्या ओल्या कातडीवर चकाकीचे पांढरे ठिपके, आणि मागे डांबरासारखा काळोख. मार्गदर्शकांनी फ्लॅश मॅन्युअलवर घ्यायला, म्हणजे त्याचा जोर स्वतः ठरवायला लावला. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११, आयएसओ २००-४००, आणि डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड पसरवणारा पडदा) जमेल तितका जवळ, कारण प्रकाशाचा स्रोत विषयाच्या मानाने जितका मोठा तितकी सावली मऊ. मागचा काळोख घालवायचा तर वीतभर मागे एखादं पान येईल असा कोन शोधायचा. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर इतक्या झपाट्याने कमी होतो की दोन हातांपलीकडे काही उरतच नाही. हे सगळं वाचलेलं असतंच हो. पण फ्लॅशने पांढरा पडलेला आपलाच जळका बेडूक भिंतीएवढा झालेला चारचौघांत बघितला की ते विसरत नाही. एकास एक आकारात (विषय सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच उमटतो तेव्हा) एफ/११ला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो, म्हणून ऑटोफोकस बंद करून स्वतःच किंचित पुढेमागे झुलायचं, ही सवयही तिथलीच. आज बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर उड्या मारणारे कोळी टिपताना हेच कामी येतं.

गटाचा आकार मात्र खटकला. एक चापडा, त्याच्याभोवती रांग, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, आणि शेवटी सगळ्यांचा एकच फोटो. पैसे भरण्याआधी एका मार्गदर्शकामागे किती जण आहेत ते विचारा. पाच-सहाच्या वर आकडा गेला तर मी तरी जाणार नाही.

प्राण्यांना हात न लावण्याचा नियम त्यांनी कडक पाळला, हे आवर्जून सांगतो. बेडूक कातडीतूनही श्वास घेतात आणि हाताला लागलेलं सॅनिटायझर, डासांचं मलम त्यातून थेट आत जातं. पान वाकवून ‘थोडा इकडे कर ना’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांना तिथल्या तिथे झापलं गेलं. आंबोली टोड ही बेडकाची जात तर जगात फक्त याच टापूत सापडते. २००९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. रात्री रस्त्यावर कोण कुठे बसलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून आमची गाडी रांगत चालायची आणि पुढे एक जण टॉर्च घेऊन.

जंगलात रात्री आपोआप चमकणाऱ्या बुरशीबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. डोळ्यांना ती फिकट राखाडी दिसते. फोटोतला हिरवागार रंग ट्रायपॉडवर वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवल्यावर येतो. आणि एकोणतिसाव्या सेकंदाला कुणीतरी टॉर्च लावतंच.

सामानाचं थोडक्यात: गमबूट आणि जळवांसाठीचे मोजे हवेतच. कपडे वाळत नाहीत, जास्तीचे न्या. घरी आल्यावर लेन्स बॅगेत तशीच ठेवली तर बुरशी ठरलेली, सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबाही पुरतो. मॅक्रो लेन्स नसेल तर आधी भाड्याने न्या. आमच्यातल्या दोघांनी नवी घेतली आणि आता विकायला काढली आहे.

वाघ-बिबट्यांचे फोटो काढणाऱ्यांना इथे कंटाळा येईल, कारण तासभर एकाच झुडपासमोर उकिडवं बसावं लागतं. गुडघे दुखत असतील तर दोनदा विचार करा. मी पुन्हा जाणार आहे, पण लहान गटात आणि जूनच्या पहिल्या पावसात. टोडच्या विणीचा हंगाम तेव्हा असतो, जुलैत तो बराचसा हातचा गेलेला असतो.