ड्रम कोअर: ट्युबा घ्यावा की स्नेअर?

अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीला ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर कवायत करत ब्रास (फुंकून वाजवायची पितळी) वाद्यं आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकाच्या, ऑडिशनला जायचंय. ट्युबा (खर्जातलं मोठं ब्रास वाद्य) की स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा ड्रम), यावर तिचं अडलंय. दोन्हींत चालत वाजवायचं असतं, पण कस वेगवेगळ्या ठिकाणी लागतो.

वजनाला ट्युबा जड, शिवाय भार एकाच खांद्यावर. स्नेअर हार्नेसमुळे दोन्ही खांद्यांवर येतो.

खरा फरक पायांत आहे. नेहमीचं पाऊल म्हणजे 5 यार्डांत 8 पावलं, एकेक साधारण 57 सेंटिमीटरचं. लय मिनिटाला 180 ठोक्यांवर गेली की सेकंदाला तीन पावलं, आणि त्यातच ट्युबाला लांब श्वास पुरवायचा. टाच आपटली तर हादरा थेट ओठापर्यंत जातो आणि सूर थरथरतो. म्हणून टाचेपासून बोटांपर्यंत पाऊल अलगद टेकवायला शिकावं लागतं. मागे जाताना चवड्यांवर.

स्नेअरवाल्याला श्वासाची ही अडचण नाही, पण ड्रम सतत प्रेक्षकांकडेच हवा. मग आडवं जाताना पायावर पाय टाकत जायचं, आणि हात मात्र पावलांपेक्षा तालाच्या निराळ्या विभागणीत. रांगेतली एक काठी केसभर आधी पडली तरी लगेच कळते. मला हे जास्त कठीण वाटतं.

स्पर्धेतले परीक्षक काय करायला दिलंय आणि ते किती जमलं, दोन्ही बघतात.

दम चांगला असेल, एखादं ब्रास वाद्य येत असेल, तर ट्युबा. रुडिमेंट्सवर (काठ्यांच्या मूलभूत बोलांवर) वर्षानुवर्षं हात बसला असेल तरच स्नेअर. तिथे जागाही कमी असतात.